जोत्याखालचा खर्च

१९ ऑक्टोबर २०१८ रोजी, साईबाबा समाधी शताब्दीच्या सांगता सोहळ्यात, शिर्डीला पंतप्रधानांच्या हस्ते प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. राज्यभरातल्या सुमारे अडीच लाख कुटुंबांचा तो एकत्रित गृहप्रवेश होता. तेव्हापासून असे चावीवाटपाचे कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत होत आले आहेत. त्यात वाईट काही नाही. ज्या कुटुंबाच्या तीन पिढ्या कुडाच्या आणि टिनाच्या आडोशाला राहिल्या, त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा दिवस असतो, आणि तो चारचौघांत साजरा व्हायलाच हवा. पण ग्रामीण घरकुलाची चावी शहरातल्या फ्लॅटच्या चावीसारखी नसते. इथे बिल्डर नाही. सरकार हप्त्याहप्त्याने पैसे देते, घर मात्र ज्याचे त्यानेच बांधायचे असते: गवंडी बघायचा, रेती आणायची, पाया खोदायचा, पाणी मारायचे. चावी हातात येते तेव्हा घराचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. बुलढाणा जिल्ह्यात, विशेषतः घाटाखालच्या तालुक्यांत, त्याचा निकाल जमिनीच्या वर लागत नाही. तो जोत्याखाली, फोटोत न येणाऱ्या तीन-चार फुटांत लागतो. आपली घरकुल योजना नेमक्या याच तीन-चार फुटांकडे पाठ करून उभी आहे, आणि पैशांचा क्रम, तपासणीची पद्धत आणि तांत्रिक सल्ला या तिन्ही गोष्टी तिथपासून नव्याने मांडल्या पाहिजेत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी योजनेचा हिशेब पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार रुपये आणि डोंगराळ व दुर्गम भागातल्या घराला १ लाख ३० हजार रुपये, असे अनुदान ठरले. घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. याशिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची अकुशल मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये. २०२४ मध्ये केंद्राने योजनेचा दुसरा टप्पा मंजूर केला, देशात आणखी २ कोटी घरांचे लक्ष्य ठेवले, पण घरामागची रक्कम २०१६ चीच राहिली. महाराष्ट्राच्या वाट्याला या टप्प्यात सुमारे २० लाख घरे आली आणि त्यांच्या मंजुरीपत्रांचे वाटप २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात झाले. पुढे राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून ५० हजारांची भर घातली: ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेला. मजुरीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला, तर ९० दिवसांचे २८ हजार ८० रुपये होतात. सौरऊर्जेचे सोडून सगळे मिळून १ लाख ९५ हजार ८० रुपये. चौरस फुटामागे सव्वासातशे रुपये. या पैशात पक्के घर होते का, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे की हे पैसे कोणत्या क्रमाने येतात. महाराष्ट्रात मंजुरीनंतरचा पहिला हप्ता १५ हजारांचा असतो. ७० हजारांचा मोठा हप्ता येतो तो जोते पूर्ण झाल्याचा फोटो यंत्रणेत चढल्यावर. म्हणजे पाया आणि जोते हे सगळे काम कुटुंबाने १५ हजारांत किंवा उसनवारीवर करायचे.

सर्व जमीन सारखी असती तर हे एक वेळ चालले असते. बुलढाणा जिल्ह्याची जमीन सारखी नाही. अजिंठ्याच्या रांगांनी जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि इथला माणूस आपला तालुका घाटावरचा की घाटाखालचा हे आधी सांगतो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. तिथे उताराच्या आणि माळाच्या जागी थोडे खोदले की मुरूम लागतो आणि पाया टेकायला जागा मिळते. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. इथे पूर्णेच्या खोऱ्यातली गाळाची काळी आहे, आणि जसजसे नदीकडे जावे तसतशी ती खोल होत जाते. कपाशीला ही जमीन मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात आणि आटले की आक्रसतात. मे महिन्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्याच भेगा मिटतात. शेतकऱ्याला यात काही नवल नाही. मात्र याच जमिनीवर विटा-सिमेंटची भिंत उभी केली की वर्षातून एकदा वर उचलली जाणे आणि एकदा खाली बसणे हे त्या भिंतीच्या नशिबी येते, आणि विटा-सिमेंटच्या भिंतीला असे हलणे सोसत नाही.

ही हालचाल सगळीकडे सारखी झाली असती, तरी घर एकसंध वर-खाली झाले असते. तसे होत नाही. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली राहते, तिच्यातला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र उन्हाळ्यात कोरडी पडून खचते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून तडे कोपऱ्यांत जातात. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जोत्याकडे किंवा दाराच्या वरच्या कोपऱ्यापासून स्लॅबकडे, विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने तिरपा जाणारा तडा पाहिला की पाया हलतो आहे हे समजावे. हा तडा उन्हाळ्यात रुंदावतो, पावसाळ्यात बारीक होतो. दार श्रावणात चौकटीला घासते आणि फाल्गुनात आपोआप सुटते. वरून सिमेंटचा लेप मारला तर पुढच्या वर्षी तोच तडा लेपातून पुन्हा डोके काढतो. यात आणखी एक गोष्ट भर घालते, ती म्हणजे शौचालयाचा शोषखड्डा. जागा अपुरी असते, म्हणून खड्डा भिंतीला लागून घेतला जातो. त्या कोपऱ्याखालची माती बारा महिने ओली, बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांखालची कोरडी. घर त्या एकाच बाजूने उचलले जाते. न्हाणीचे पाणी जिथे नुसते सोडून दिले जाते तिथेही हेच होते. भिंतीपासून हातभर अंतरावर लावलेले कडुनिंबाचे झाड याच्या उलट काम करते: मुळांनी ओलावा ओढून त्या बाजूची माती आटवते.

आता पहिला आक्षेप. आपल्या आज्या-पणज्यांची घरे याच गावांत होती, ती कुठे अशी तडकली? ती टिकली त्याला कारणे आहेत. जुनी गावे काळीत वसलीच नाहीत. महसुली भाषेत शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी हा भेद जुना आहे, आणि गावठाणाखालची पांढरट माती काळीइतकी फुगत-आटत नाही. बहुतेक गावठाणे उंचवट्यावर होती, पाणी थांबत नव्हते. घराचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असे, भिंती फक्त आडोशाला. सांधा थोडा हलला तर लाकूड ते सोसत असे. मातीच्या भिंतीला दरसाल सणासुदीच्या आधी लिंपण होई आणि तडा तिथेच बुजे. धाब्यावर दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकली जाई. म्हणजे ते घर हलणारे होते आणि त्याची निगा वर्षाच्या कामकाजात बांधलेली होती. आज लाकूड परवडत नाही, लिंपणाला घरात माणूस नाही, आणि गावठाण तर केव्हाच भरून गेले आहे. नवे घरकुल गावाबाहेर, शेताच्या कडेला, गायरानाच्या तुकड्यावर किंवा विकत घेतलेल्या जागेवर उभे राहते. ज्याला जागाच नाही त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पैसे मिळतात. या योजनेची मर्यादा पूर्वी ५० हजार होती, ती आता १ लाख झाली, हे फार चांगले झाले. पण एवढ्या पैशात मिळणारी जागा बहुधा सखल, पाणी साचणारी आणि काळीचीच असणार. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर होत असलेल्या जिगाव प्रकल्पात ज्यांची गावे जात आहेत, त्यांच्याही बाबतीत हेच लागू पडते. पिढ्यान्‌पिढ्यांची पांढरी सोडून त्यांना नव्या, कालपर्यंत शेत असलेल्या जमिनीवर घर मांडायचे आहे. तेव्हा आजोबांचे घर टिकले म्हणून नातवाचे टिकेल, हा हिशेब बरोबर नाही. जागा आणि बांधणी दोन्ही बदलल्या आहेत.

काळीत घर कसे बांधावे हे आपल्याकडे कुणाला माहीत नाही, असेही नाही. उलट या विषयातले मोलाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ संशोधन केले आणि फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, चिकट अशा मातीचा पुरेसा जाड थर दिला तर खालची फुगी आटोक्यात राहते हे दाखवले. चांगल्या प्रतीचा मुरूम या कामाला येतो. कालव्यांच्या बांधकामात ही पद्धत वापरली गेली. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर केलेले, जमिनीत खोल उतरणारे छोटे काँक्रीटचे खांब सुचवले. खोल काळीत ते किमान साडेतीन मीटर जावेत असे भारतीय मानक सांगते, कारण तेवढ्या खोलीवर ऋतूंचा ओलावा-कोरडेपणा पोचत नाही. रस्त्याखालीही काळी माती जशीच्या तशी ठेवत नाहीत. ती काढतात, मुरूम भरतात किंवा चुना मिसळून तिची फुगी मारतात. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग जातो. तो बांधणाऱ्या अभियंत्यांनी पायाखालच्या मातीची तपासणी न करता भराव टाकला असता तर त्यांना कुणी माफ केले असते का? कालव्याला आणि रस्त्याला जी काळजी लागू आहे ती घरकुलाला लागू नाही, याचे कारण विज्ञानात सापडत नाही. रस्त्याच्या अंदाजपत्रकात मातीचा रकाना असतो, घरकुलाच्या अंदाजपत्रकात तो नाही, एवढेच.

एका घराचा हिशेब मांडून पाहू. २५ चौरस मीटरचे घर म्हणजे ढोबळपणे पाच मीटर बाय पाच मीटर. चार बाहेरच्या भिंती आणि मधली एक धरली तर पायाची लांबी २५ मीटर, म्हणजे सुमारे ८२ फूट. काळीत किमान चार फूट खोल आणि अडीच फूट रुंद चर घ्यायचा तर ८२० घनफूट माती निघते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ही सव्वाआठ ब्रास झाली. तीच माती परत चरात टाकायची नाही, कारण तीच तर फुगते. तिच्या जागी मुरूम, डबर, काँक्रीट आणायचे. त्यावर दोन फूट उंचीचे जोते भरायला आणखी सव्वापाच-साडेपाच ब्रास. म्हणजे तेरा-चौदा ब्रास माल बाहेरून आला पाहिजे, आणि ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो. १५ हजारांना तेरा-चौदाने भागले तर ट्रॉलीमागे अकराशेच्या आसपास रुपये होतात, आणि त्यातच खोदाई, सिमेंट, पट्ट्याची सळई आणि गवंड्याची मजुरी बसवायची आहे. पूर्णाकाठच्या खोल काळीच्या गावात मुरमाची खाण जवळ नसते, भाडे वेगळे. सरकार घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत देते. ती मदत खरी आहे, पण काळीत पायाला सर्वात जास्त लागतो तो मुरूम, आणि त्याची कुठे तरतूद नाही.

मग कुटुंब काय करते? जे कोणीही करील तेच. चर दोन फुटांवर थांबवला जातो. निघालेली काळी माती जोत्यात भरली जाते, कारण ती फुकट असते आणि समोर पडलेली असते. वरून हातभर मुरूम पसरून फोटो काढला जातो. फोटोत जोते दिसते, खोली दिसत नाही. हप्ता सुटतो. यात लबाडी शोधणाऱ्याने स्वतःला त्या जागी ठेवून पाहावे. ७० हजारांपर्यंत पोचायचा मार्ग जोत्यावरून जातो आणि जोत्यापर्यंत पोचायला पैसे नाहीत, तर माणूस जोते लवकर दिसेल असे काम करणार. योजनेच्या रचनेनेच त्याला उथळ पायाकडे ढकलले आहे. पुढे पैसे आल्यावर ते भिंती आणि स्लॅबवर जातात. टिनाच्या घरात जन्म गेलेल्या माणसाला डोक्यावर स्लॅब हवा, ही इच्छा पूर्णपणे समजण्याजोगी आहे. पण उथळ पायावरचा स्लॅब हा हलणाऱ्या भिंतींवर ठेवलेला टनावारी भार आहे, आणि तो तडकला की दुरुस्ती कुटुंबाच्या हाताबाहेर जाते.

इथे दुसरा, जरा जाणत्यांचा आक्षेप येतो. एकमजली, एका खोली-स्वयंपाकघराचे घर हलके असते, त्याला कशाला एवढा पाया? खोल पाया इमारतींना लागतो. सामान्य जमिनीबाबत हे खरे आहे. फुगणाऱ्या जमिनीबाबत ते उलटे आहे. फुगणारी माती वरच्या दिशेने जोर लावते. तीन मजली इमारतीचा भार त्या जोराला दाबून धरू शकतो, हलक्या घराला ती माती सहज उचलते. म्हणून काळीत सर्वाधिक तडे जातात ते लहान, एकमजली घरांना आणि कुंपणाच्या भिंतींना. गरिबाच्या लहान घराला हलका पाया चालतो ही समजूत बुलढाण्याच्या मातीत महागात पडते.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. पहिला हप्ता मोठा दिला तर काही लोक पैसे उचलतील आणि घर बांधणार नाहीत. असे झाले आहे आणि होते. घरात आजारपण निघते, मुलीचे लग्न ठरते, पेरणी उलटते, आणि हातातली रक्कम तिकडे जाते. पण याला उपाय हप्ता लहान ठेवणे हा नव्हे, टप्पा बदलणे हा आहे. आज मंजुरी आणि जोते यांच्या मध्ये काहीच नाही. तिथे उघड्या चराचा टप्पा आणावा. चर खोदून झाला, त्यात मोजपट्टी उभी धरून जागेच्या अक्षांश-रेखांशांसह फोटो काढला, की ७० हजारांतले ३५ हजार सुटावेत, उरलेले जोत्यानंतर. यात शासनाला एक रुपयाही जास्त लागत नाही. आज जसा जोत्याचा फोटो काढला जातो तसाच आणखी एक आठ-दहा दिवस आधी काढायचा. उलट चर खोदून बसलेला माणूस घर बांधायचे सोडून देण्याची शक्यता फारच कमी. आणि आज जी गोष्ट कुणालाच तपासता येत नाही, म्हणजे पायाची खोली, तिची कायमची नोंद राहील.

पैसे वाढवण्याचा प्रश्न यापुढचा आहे, आणि त्यालाही आधार योजनेतच आहे. डोंगराळ व दुर्गम भागाला १० हजार जास्त का? कारण तिथे जमीन आणि वाहतूक खर्च वाढवतात, हे केंद्राने मान्य केले आहे. म्हणजे जमिनीनुसार अनुदान बदलावे हे तत्त्व २०१६ पासून मान्य आहे. बुलढाण्याची गणना सपाट भागात होते. नकाशावर पूर्णेचे खोरे सपाट आहे यात शंका नाही, पण पाया घालणाऱ्याच्या दृष्टीने ही सपाटी डोंगरापेक्षा सोपी नाही. कठीण भाग कोणते हे ठरवण्यात राज्यांना वाव आहे. फुगणारी काळी हा त्यातला एक निकष करून, ग्रामपंचायतनिहाय यादी बनवून, त्या गावांना वाढीव दर देण्याचा प्रस्ताव राज्याने मांडायला हवा. पैसे नकोत असे ठरले तर निदान मुरूम द्यावा. रेती मोफत देण्याचे धोरण आहे, तसेच गौण खनिजातला मुरूम घरकुलाला आठ-दहा ब्रास मोफत देणे महसूल खात्याच्या हातात आहे.

घाटाखालच्या काही गावांना मातीशिवाय पाण्याचाही जाच आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत आहे. इथल्या विहिरी-बोअरचे पाणी पिण्याला खारट आणि शेतीला घातक, हे सर्वांना माहीत आहे. ते बांधकामालाही घातक आहे, याची चर्चा मात्र होत नाही. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये मिसळायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे असे भारतीय मानक सांगते. नुसत्या काँक्रीटला ही मर्यादा २००० पर्यंत आहे. फरक कशासाठी, तर क्लोराइड सळई गंजवते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीट सुटते, आणि आठ-दहा वर्षांत स्लॅबच्या खालून खपल्या पडून लोखंड उघडे पडते. भिंतींना लोणा लागतो, रंग टिकत नाही. वान धरणावरच्या १४० गाव योजनेने या भागात गोडे पाणी पोचवले, पण ते पिण्यापुरते, ठरल्या दिवशी. बांधकामाला बोअर जवळ असते. शिवाय बाजारात आता बहुतेक राखमिश्रित सिमेंट मिळते, आणि त्याच्या काँक्रीटवर किमान दहा दिवस पाणी मारावे लागते. मे महिन्यात दहा दिवस गोडे पाणी कुठून आणायचे? हे ओझे बहुतेक घरांत बाईच्या डोक्यावर जाते. निदान मिसळायचे पाणी तरी गोडे असावे, आणि स्लॅबच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने त्या घराला टँकरभर पाणी द्यावे, एवढी मागणी जास्त नाही.

हे सगळे घरकुलापुरते नाही. बुलढाणा, खामगाव, चिखली, मलकापूर या शहरांच्या कडेला शेते अकृषक करून पाडलेले प्लॉट आणि त्यांवरची रो-हाउसे शिक्षक, एसटीचे कर्मचारी, दुकानदार आयुष्यातले पहिले घर म्हणून विकत घेत आहेत. बँकेचे कर्ज वीस वर्षांचे, आणि किल्ली मिळाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात दार अडकू लागते. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर विकासकाने तो ३० दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा आहे. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक नाही, आणि आपल्या शहरांतली कितीतरी कामे त्या आतच असतात. तेव्हा अशा घराचे पैसे देण्यापूर्वी पायाची खोली आणि भरावाची माती करारात लिहून घ्यावी, आणि जमल्यास घर एकदा मे महिन्यात पाहावे. पावसाळ्यात मिटलेले तडे त्या वेळी उघडे असतात.

शेवटचा आक्षेप मनुष्यबळाचा. पंचायत समितीतल्या कंत्राटी गृहनिर्माण अभियंत्याकडे गावेच्या गावे असतात, तो प्रत्येक चराशी कसा उभा राहणार? त्याने उभे राहायची गरज नाही. कोणत्या गावाची माती किती फुगते हे आधी कळले तर कामाचा मोठा भाग तिथेच होतो, आणि ती चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेत होण्याइतकी साधी आहे. भट्टीत वाळवून बारीक चाळलेली माती घ्यायची, १०० मिलिलिटरच्या दोन काचनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम टाकायची, एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची वाचायची. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून अधिक फुगली असेल तर तिथे साधा पाया चालणार नाही. जिल्ह्यातल्या स्थापत्य शाखा असलेल्या पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी एका हिवाळ्यात, ज्या गावांत नवी घरकुले मंजूर आहेत त्या प्रत्येक गावच्या जागेवरची माती तपासली, तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक साधी नोंद लावता येईल: इथे पाया इतका खोल, जोत्यात काळी माती भरू नये, शोषखड्डा भिंतीपासून दूर घ्यावा, भोवती बाहेर उतार असलेली तीन फुटांची फरशी घालावी. योजनेत ग्रामीण गवंड्यांच्या ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची सोय आहेच. घाटाखालच्या तालुक्यांत त्यातले काही दिवस फक्त काळीतल्या पायाला द्यावेत.

राज्यात या टप्प्यातल्या सुमारे २० लाख घरांची मंजुरीपत्रे वाटली गेली आहेत, आणि दिवाळीनंतरचे कोरडे महिने हेच पाया खोदायचे महिने आहेत. या अंकाच्या वाचकांत सरपंच आहेत, ग्रामसेवक आहेत, प्राध्यापक आहेत, मंत्रालयात वजन असलेले लोकही आहेत. त्यांना एवढीच विनंती आहे की उघड्या चराच्या फोटोवर हप्ता सोडण्याचा आणि घरकुलाला मुरूम मोफत देण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत घ्यावा आणि तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा. ज्यांचे स्वतःचे घर या हिवाळ्यात सुरू होणार आहे त्यांनी स्लॅब एक वर्ष थांबला तरी चालेल, वर तूर्त टिन टाकावे, पण चर चार फुटांच्या आत थांबवू नये.